वाढलेल्या बांगड्यांची बाग

आपल्या घरांत बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. मंगळसूत्र तुटत नाही, तेही वाढतं. दिवा विझवत नाहीत, मालवतात. ज्या वस्तूत माणसाचं आयुष्य गुंतलेलं असतं तिच्या शेवटाला साधं क्रियापद लावायला आपली जीभ धजत नाही. हा 'वाढणे' शब्द मला चंदीगडच्या रॉक गार्डनमध्ये आठवला, आणि मग तिथून पाय निघेना.

समोर बायकांची रांग उभी होती. सिमेंटच्या, कमरेएवढ्या उंचीच्या, ओबडधोबड चेहऱ्यांच्या. मानेपासून खाली सगळं अंग काचेच्या बांगड्यांच्या तुकड्यांनी मढवलेलं. लांबून ते रंगीत लुगडं वाटतं. वाकून जवळून पाहिलं की दिसतं, एकेक तुकडा दुसऱ्याला खेटून सिमेंटात रोवलेला आहे आणि प्रत्येकाचा बाक शाबूत आहे. हिरवे, लाल, मधूनच सोनेरी नक्षीचे. सगळ्यांचा बाक सारखा नाही. काही तुकडे इतक्या आवळ वळणाचे, की ती बांगडी एखाद्या आठ-दहा वर्षांच्या मुलीचीच असणार. बांगडी गेली, पण तिच्या बाकात मनगटाचं माप राहून गेलं होतं.

मागून आमच्यातलंच कुणीतरी म्हणालं, "वा! टाकाऊतून टिकाऊ!"

बोलणाऱ्याच्या मनात कौतुकच होतं. तरीही ते शब्द मला लागले. टाकून दिलेल्या घरगुती वस्तूंतून कला घडवणाऱ्या माणसाला आपण हीच पावती देतो. वर्तमानपत्रं देतात, शाळा देतात, पारितोषिक देणारे पाहुणेही देतात. माझं म्हणणं असं, की ही पावती चुकीची आहे आणि ती निरुपद्रवीही नाही. अशा कलेचं पुढे काय होतं, ती राखली जाते की पाडली जाते, हे बरंचसं या शब्दांवरून ठरतं.

'टाकाऊतून टिकाऊ' आपण शिकलो ते कार्यानुभवाच्या तासाला. आइस्क्रीमच्या काड्यांचं पेनस्टँड, जुन्या लग्नपत्रिकांची टोपली, करवंटीचा दिवा. त्यात काटकसरीचा संस्कार होता आणि तो चांगलाच होता. पण वस्तूला किंमत नव्हती, माणसानं ती उपयोगाची केली, हे त्या शब्दांतलं गृहीत आहे. रॉक गार्डनमधल्या बाईला हे लागूच पडत नाही. ती काडीच्याही उपयोगाची नाही. टिकाऊ म्हणावी तर तीही नाही, कारण काच निसटते, सिमेंटला चिरा जातात. आणि ती बांगडी मुळात टाकाऊ होती हे ठरवलं कुणी?

ते कुणी ठरवलं, हे चंदीगडच्या बाबतीत नेमकं सांगता येतं. फाळणीनंतर पंजाबची राजधानी लाहोर पलीकडे राहिली. नवी राजधानी हवी होती. भूतकाळाच्या परंपरांचं ओझं नसलेलं शहर उभं राहावं अशी नेहरूंची इच्छा होती. 1951 पासून ल कोर्ब्यूझिए या स्विस-फ्रेंच वास्तुशिल्पकारानं ते आखलं: काटकोनात रस्ते, क्रमांक दिलेले सेक्टर, उघडं काँक्रीट. त्यासाठी जमीन मोकळी करावी लागली आणि ती मोकळी नव्हती. तिथं गावं होती. ती उठवली. घरं पडली तेव्हा त्यांतली भांडी, बरण्या, कौलं, बांगड्या यांचा ढीग झाला आणि नव्या शहराच्या हिशेबात तो ढीग म्हणजे राडारोडा होता.

त्याच शहरात नेकचंद सैनी नावाचा माणूस सार्वजनिक बांधकाम खात्यात रोड इन्स्पेक्टर होता. 1924 चा जन्म, शकरगढ भागातल्या खेड्यात. 1947 मध्ये ते गाव पाकिस्तानात गेलं आणि नेकचंद इकडे आले. स्वतःचं गाव मागे टाकून आलेला माणूस आता दुसऱ्यांची गावं उठताना रोज पाहत होता, आणि त्याच जागेवर रस्ते करून घेणं ही त्याची नोकरी होती. 1950 चं दशक सरता सरता त्यांनी वस्तू गोळा करायला सुरुवात केली. सायकलवरून. शिवालिकच्या पायथ्याच्या ओढ्यांतून विचित्र आकारांचे दगड आणि पडलेल्या घरांतून उरलंसुरलं. सुखना तलावाजवळच्या जंगलात एक घळ होती. तिथं बांधकामाला परवानगीच नव्हती, म्हणून कुणी फिरकायचं नाही. दिवसा नोकरी आणि रात्री ती घळ, असं सुमारे 18 वर्षं चाललं. उजेडासाठी जुने टायर जाळायचे, असं सांगतात.

सत्तरच्या दशकात सरकारी माणसांना हे सापडलं तेव्हा 12-13 एकरांत एकाला एक जोडलेली अंगणं तयार होती आणि त्यांत शेकडो माणसं, प्राणी, पक्षी उभे होते. सरकारी जागेवर, विनापरवाना, एका सरकारी नोकरानं केलेलं. नियमानं ते पाडायलाच हवं होतं. पण लोक बघायला येऊ लागले. 1976 मध्ये प्रशासनानं ही बाग, म्हणजेच रॉक गार्डन, लोकांसाठी खुली केली, नेकचंदना तिथंच पद दिलं, पगार दिला, हाताखाली 50 मजूर दिले. 1983 मध्ये टपाल तिकिटावर बाग आली, पुढे नेकचंदना पद्मश्री मिळाली. 2015 मध्ये नव्वदीत ते गेले.

ही गोष्ट इथवर सांगून थांबायची पद्धत आहे. कचऱ्यातून स्वर्ग, चिकाटी, शेवटी सन्मान. मला ती पद्धत मान्य नाही, कारण गोष्टीचा अर्थ तिच्या सामानात आहे. बागेत एक भिंत पांढऱ्या चिनी मातीच्या विजेच्या सामानानं भरलेली आहे. सॉकेट, होल्डर, फ्यूजच्या त्या जुन्या किटकॅट. कुठल्यातरी घरात पहिल्यांदा बल्ब लागला तेव्हा त्या किटकॅटवर कुणाचा तरी हात गेला असेल. डांबराच्या रिकाम्या पिंपांचा साचा करून ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती आहेत. ती पिंपं रोड इन्स्पेक्टरच्या रोजच्या कामातली. बेसिनचे तुकडे आहेत, फुटक्या कपबश्या आहेत, सायकलचे सांगाडे आहेत. दारं मुद्दाम बुटकी, मान लववल्याशिवाय आत जाता येत नाही. ज्या शहराला भूतकाळ नको होता त्या शहराच्या कुशीत एका माणसानं त्याचा सगळा भूतकाळ आणून मांडला, आणि त्यासमोर मान झुकवायला लावली. याला टाकाऊतून टिकाऊ म्हणणं म्हणजे एखाद्या बखरीला कागदाचा पुनर्वापर म्हणण्यासारखं आहे.

शब्द चुकला की पुढचं सगळं चुकतं, म्हणतो ते यासाठी. एखाद्या गोष्टीची थोरवी 'कचऱ्याचा चांगला उपयोग' एवढीच असेल, तर त्याहून चांगला उपयोग सापडला की ती बाजूला सारता येते. 1990 च्या सुमारास रस्त्यासाठी बुलडोझर आले आणि शहरातली माणसं आडवी उभी राहिली म्हणून बाग वाचली. 1996 मध्ये नेकचंद अमेरिकेत गेले असताना निधी काढून घेतला गेला आणि मूर्तींची नासधूस झाली. 2025 च्या सुरुवातीला शेजारच्या उच्च न्यायालयाकडचा रस्ता आणि पार्किंग यांसाठी बागेच्या भिंतीचा काही भाग पाडला गेला. लोकांनी निदर्शनं केली, पण भिंत गेलीच. आणि याच परिसरातल्या कोर्ब्यूझिएच्या इमारती 2016 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. त्यांच्या एका कठड्याला हात लावायचा तर किती समित्या बसतील, कल्पना करा. त्या इमारतींचं मोठेपण मी नाकारत नाही. पण एकाच शहरातल्या दोन निर्मितींपैकी एक 'वास्तुकला' ठरते आणि दुसरी 'कचऱ्याची करामत' ठरते, तेव्हा बुलडोझरला वाट कुठून करायची हे आधीच ठरलेलं असतं.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात सायमन रोडिया नावाचा इटलीहून आलेला कामगार 1921 पासून 1954 पर्यंत, म्हणजे 33 वर्षं, एकट्यानं मनोरे बांधत होता. लोखंडी सळ्या, तारेची जाळी, सिमेंट, आणि वर फुटक्या फरशा, बश्या, सोड्याच्या बाटल्यांच्या काचा. सगळ्यात उंच मनोरा सुमारे 30 मीटरचा. बांधून झालं आणि जागा शेजाऱ्याला देऊन तो निघून गेला. पालिकेनं धोकादायक म्हणून पाडण्याचा हुकूम काढला. कलाप्रेमी भांडले, आणि 1959 मध्ये असं ठरलं, की मनोऱ्याला क्रेननं ओढून बघायचं, टिकला तर राहील. 10,000 पौंडांचा जोर लावला. मनोरा हलला नाही, ओढणारं साधनच वाकलं. ही गोष्ट मला फार आवडते, आणि तितकाच तिचा रागही येतो. कुठल्या संग्रहालयातल्या मूर्तीला आपण दोर बांधून ओढलं आहे? रोडियाच्या कामाला आपली किंमत ताकद दाखवून सिद्ध करावी लागली, कारण ते बश्यांचं होतं.

इथं एक प्रश्न मला टाळता येत नाही. नेकचंदनी सरकारी जागेवर विनापरवाना बांधलं आणि आपण त्यांना डोक्यावर घेतलं. त्याच चंदीगडमध्ये शहर बांधायला आणि चालवायला आलेल्या मजुरांनी पत्रे, बांबू, फ्लेक्स, फुटक्या विटा जमवून घरं केली. तीही टाकलेल्या वस्तूंतूनच घडवलेली, आणि त्यांचा तर उपयोगही होता. त्यांचं काय झालं? कॉलनी नंबर 4 नावाची जुनी वस्ती 2022 मध्ये पाडली गेली, तीही नेमक्या 1 मे रोजी, कामगार दिनी. मग बाग राखा म्हणताना मी एका अतिक्रमणाला कला म्हणून सूट मागतोय आणि दुसऱ्यावर गप्प बसतोय का?

यावर बराच विचार करून मी इथवर आलो आहे: बाग पाडायची नाही याचं कारण ती सुंदर आहे एवढंच असेल, तर हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर नाही. सुंदर ते ठेवा आणि गरजेचं ते पाडा, हा न्याय होऊच शकत नाही. पण बाग ही उठवलेल्या गावांची साक्ष असेल, तर ती राखणं आणि वस्ती पाडताना हात आखडणं या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात जात नाहीत. तिथं उभ्या असलेल्या बायका हेच तर सांगताहेत, की कुणाचं घर आखणीत बसत नाही म्हणून ते राडारोडा होत नाही. जे प्रशासन त्या बागेची तिकिटं विकतं, त्यानं हे एकदा वाकून, जवळून वाचायला हवं.

आता उलट बाजूनं बघू. गेल्या काही वर्षांत भंगारातून शिल्पं करण्याची लाट आली आहे. चौकाचौकांत पत्र्याचे सिंह, नटबोल्टांचे मोर. दिल्लीत 2019 मध्ये सराय काले खाँ इथं महापालिकेनं 'वेस्ट टू वंडर' उद्यान उभारलं. सुमारे 150 टन भंगारातून जगातली सात आश्चर्यं: ताजमहाल, आयफेल टॉवर, पिसाचा मनोरा, गिझाचा पिरॅमिड आणि बाकीची. गर्दी लोटली, लोटणारच. वेल्डिंग करणाऱ्या कारागिरांच्या हातात कसब आहे, याबद्दल मला शंका नाही. उलट त्या कसबाला दिलेलं काम बघून वाईट वाटतं. जुने पाइप आणि गाड्यांचे सुटे भाग दिल्लीचे, दिल्लीच्या माणसांनी वापरून झिजवलेले. त्यांना काही सांगायचं असेल तर ते दिल्लीबद्दल. आपण त्यांना पॅरिसचं चित्र धरायला लावलं. तिथं वस्तू जितकी ओळखू येणार नाही तितकं काम सफाईदार ठरतं. लोक वजन ऐकून थक्क होतात, 150 टन! पण त्या टनांत कुणाचं काय होतं, हे कुणी विचारत नाही. तसं विचारायला वस्तूंनी जागाच ठेवलेली नाही.

माझ्या आजीची गोधडी होती. तिला कुणी टाकाऊतून टिकाऊ म्हटलं असतं तर तिला ते कळलंच नसतं. गोधडी पांघरली की ती ठिगळावर बोट ठेवून सांगायची, हे तुझ्या आजोबांचं धोतर, हा तुझ्या आईच्या परकराचा काठ, हे लुगडं मी थोरल्याच्या बारशाला नेसले होते. गोधडी ऊब द्यायची ते खरं, पण कपडा बोहारणीला द्यायचा की गोधडीत घालायचा, हे आजी कपड्याच्या जोरावर ठरवत नसे. धड, नीट कपडे ती भांड्यांवर देऊन टाकायची आणि विरलेलं एखादं लुगडं मात्र जपून ठेवायची. नेकचंद काय किंवा नायजेरियात राहून मद्याच्या बाटल्यांची चपटी केलेली बुचं तांब्याच्या तारेनं जोडून भिंतीएवढे पडदे करणारे एल अनात्सुई काय, ही माणसं मला आजीच्या जवळची वाटतात. अनात्सुईंच्या पडद्यासमोर लांबून सोनं लखलखतं आणि जवळ गेलं की बुचांवरची मद्याच्या छापांची नावं वाचता येतात. युरोपच्या व्यापाऱ्यांनी आफ्रिकेत मद्य आणलं, त्या मद्याचा माणसांच्या व्यापाराशी संबंध होता, हे सगळं त्या बुचात आहे आणि त्यांनी ते पुसलेलं नाही. 2015 मध्ये व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनानं त्यांना जीवनगौरव म्हणून सुवर्णसिंह दिला. त्यात कचरा कमी केल्याचा भाग नव्हता.

पर्यावरणाचा मुद्दा उरतो, आणि तोही मी सोडून देत नाही. वस्तू कमी टाकाव्यात, दुरुस्त कराव्यात, पुन्हा वापराव्यात हे हवंच. पण ते काम कलाकाराच्या गळ्यात घालणं म्हणजे आपली सुटका करून घेणं आहे. शहराचा रोजचा कचरा शेकडो, हजारो टनांत असतो. एका शिल्पकाराच्या आयुष्यभराच्या कामानं त्यात तसूभरही फरक पडत नाही. कचऱ्याचा भार खरोखर उचलतात त्या पहाटे पाठीवर पोतं घेऊन निघणाऱ्या बाया. त्यांना ओळखपत्र, हातमोजे, कचरा वेगळा करायला शेड मिळावी म्हणून वर्षानुवर्षं झगडावं लागतं. पालिकेला स्वच्छतेवर खर्च करायचाच असेल तर चौकातल्या पत्र्याच्या सिंहाआधी तो तिथं करावा, आणि कलेवर खर्च करायचा असेल तर तो कला म्हणून करावा. दोन्हींची सरमिसळ झाली की पैसे दोन्हींकडचे वाचतात आणि फीत तेवढी कापली जाते.

कायदा इथं फारसा उभा राहत नाही. प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा 1958 चा, आणि त्यात बसायला वास्तू किमान 100 वर्षं जुनी लागते. नेकचंद घळीत काम करू लागले तो काळही साधारण तोच, त्यामुळे त्या दारातून आत जायला बागेला अजून बरीच वर्षं आहेत. दुसरा आधार कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 चा, म्हणजे कलाकृतीची मोडतोड होऊ नये या कलाकाराच्या हक्काचा. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं प्रचंड ब्राँझचं भित्तिशिल्प 1979 मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं होतं. ते कोर्टात गेले, आणि 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं शिल्पाचे अवशेष त्यांना परत द्यायला आणि 5 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. निकाल मोठा होता, पण तो मिळाला शिल्प मोडल्यानंतर पंचवीसेक वर्षांनी, आणि ते शिल्प सरकारनंच करवून घेतलेलं होतं. ज्यानं कुणी न सांगता, परक्या जागेवर, फुटक्या बश्यांतून काही उभं केलं, त्यानं कुठल्या कागदावर बोट ठेवायचं?

म्हणून मागणी वेगळी हवी. वयाची अट नसलेली, एखादी जागा तिच्यातल्या साक्षीसाठी राखणारी तरतूद राज्यांनी करायला हवी, आणि त्या जागेच्या भिंतीला हात लावण्याआधी लोकांसमोर सुनावणी व्हायला हवी. देखभालीचा पैसा दरवर्षी वेगळा काढलेला असावा, पाहुणे येणार म्हणून रंग मारण्यापुरता नको. आणि जिथं पालिका भंगारातून शिल्पं करवून घेते, तिथं विषय कलाकारावर सोडावा आणि फलकावर टनांचा आकडा लिहिण्याऐवजी सामान कुठून आलं ते लिहावं. अमुक गिरणीची चाकं, अमुक चाळीची गजं, अमुक शाळेचे बाक. एवढं लिहायचं ठरवलं तरी मोर आणि सिंह कमी होतील, कारण गिरणीच्या चाकांचं काय करावं हा प्रश्न मग खरोखर पडेल.

त्या दिवशी मी निघालो तेव्हा एका मूर्तीच्या पायाशी हिरव्या बांगडीचा एक तुकडा पडलेला दिसला. मूर्तीच्या खांद्याजवळ तेवढीच खाच होती. मी तो उचलला, हातात धरला, त्याच्या बाकावर बोट फिरवून पाहिलं. राखणदार बघत होता. मला वाटलं ओरडेल. तो नुसता जवळ आला, तुकडा माझ्याकडून घेतला आणि मूर्तीच्या मागे एका पत्र्याच्या डब्यात टाकला. डबा अर्ध्याहून जास्त भरलेला होता. "लावतात का परत?" मी विचारलं. "मिस्त्री आला की," तो म्हणाला. मिस्त्री शेवटचा कधी आला होता, ते त्याला आठवेना.